तीन शिट्ट्या

लायनेल पेनिफोल्डने आयुष्यात पहिल्यांदा अंतर खोटे सांगितले ते जूनमधल्या एका शुक्रवारी, दुपारी, चालत्या सायकलवरून; आणि तेही तोंडाने नव्हे, शिट्टीने.

सेंट गुथलॅक कॉलेजात तो संख्याशास्त्र शिकवीत असे. मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि एकदा बोलल्यावर माघार घ्यायची नाही, अशी त्याची ख्याती होती. प्राध्यापकांच्या जेवणाच्या मेजावर त्याच्या शेजारची खुर्ची सर्वांत शेवटी भरे, कारण तिच्यावर बसणाऱ्याचे सूप वादात गार होई. कॉलेजच्या दुसऱ्या नावेच्या पोरांनी त्याला शर्यतीच्या चार दिवसांसाठी शिट्टीवर नेमले ते याच गुणापायी. बार्नबी नावाचा, नावेच्या मधोमध बसणारा आडदांड मुलगा तर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पेनिफोल्ड सरांनी एक लांबी सांगितली म्हणजे एकच लांबी. ती लाकडाची नसते, लोखंडाची असते!"

कॅम नदी इतकी अरुंद आहे की तिच्यात दोन नावा शेजारी शेजारी पळवता येत नाहीत. म्हणून त्या एकीमागे एक, दीड नावेच्या अंतराने उभ्या करतात, आणि तोफ झाली की प्रत्येकीने पुढचीला गाठायचे व मागचीला चुकवायचे. पुढचीला आपले टोक लागले की धडक झाली. मग दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागांची अदलाबदल. बुधवार ते शनिवार अशा चारही दिवशी जी नाव धडक मारते, तिच्यातल्या प्रत्येकाला एक रंगवलेले वल्हे मिळते, सगळ्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेले. सेंट गुथलॅकच्या दुसऱ्या नावेला असे वल्हे मिळून एकोणतीस वर्षे लोटली होती. यंदा बुधवारी आणि गुरुवारी धडका झाल्या होत्या.

मात्र वल्हेकरी बसतो तो पुढे पाठ करून. ज्या नावेचा पाठलाग करायचा ती त्याला दिसत नाही. दिसते ती आपला पाठलाग करणारी. म्हणून काठच्या वाटेने एक जण सायकल हाणीत असतो आणि शिट्टीने अंतर सांगत असतो. पुढची नाव एक लांबीवर, म्हणजे एका नावेएवढ्या अंतरावर, आली की एक शिट्टी, अर्ध्या लांबीवर दोन, पाव लांबीवर तीन. आठ माणसे आपला उरलासुरला श्वास त्या शिट्टीच्या भरवशावर खर्च करतात.

शुक्रवारी पुढे क्लेव्हरिंग हॉलची नाव होती. डिटनचे वळण मागे पडले, सरळ पाणी लागले, तरी अंतर निघताना होते तेवढेच, दीड लांबी. पेनिफोल्डच्या नजरेला असल्या बाबतीत चूक माहीत नव्हती. त्याला हेही दिसत होते की बार्नबीचे डोके लटकू लागले आहे, आणि ताल धरणारा ओवेन, जो सगळ्यांच्या मागे पण सुकाणूच्या अगदी समोर बसे, तो ओठ फाकवून श्वास घेतो आहे. आणखी वीस-पंचवीस वल्ह्यांत ही पोरे मनाने शर्यत सोडून देणार होती.

त्याने शिट्टी तोंडात धरली आणि एकदा फुंकली. मग, दहा वल्ह्यांनंतर, दोनदा.

नाव चाबूक बसल्यासारखी उसळली. जे अंतर नव्हते ते त्या आवाजाने निर्माण झाले. खोटी अर्धी लांबी रेल्वेच्या पुलापाशी खरी झाली, तिचीही पुढे पाव झाली, आणि पुलाच्या सावलीतून बाहेर पडता पडता सेंट गुथलॅकचे टोक क्लेव्हरिंगच्या मागल्या बाजूला लागले. क्लेव्हरिंगच्या सुकाणूवाल्याने हात वर करून धडक कबूल केली.

पोरांनी नाव काठाला लावली, धडक मारणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे वाळुंजाच्या डहाळ्या ओरबाडल्या, केसांत खोचल्या. बार्नबीने पेनिफोल्डला सायकलसकट मिठी मारली.

"सर, त्या दोन शिट्ट्या ऐकल्या नसत्या ना, तर मी तिथंच मेलो असतो! देवाशप्पथ!"

"चांगले वल्हवलेत," पेनिफोल्ड म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

नाव धुऊन झाल्यावर इमोजेन त्याच्यापाशी आली. ती सुकाणूच्या दोऱ्या धरीत असे. नाजूक चणीची, लँकशायरकडची मुलगी, बोलायला फटकळ. नऊ जणांत पुढे तोंड करून बसणारी ती एकटी. तिने आधी आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतले.

"दीड लांबी होती," ती म्हणाली.

पेनिफोल्ड सायकलची साखळी तपासू लागला.

"मला डोळे आहेत, सर. दीड होती आणि तुम्ही अर्धी वाजवलीत. तुम्ही काठावर होतात, निघून गेलात पुढं. माझं काय? ओवेन माझ्यासमोर बसतो, एवढ्या अंतरावर." तिने तळहात आपल्या नाकापुढे धरला. "शिट्टी झाली की तो माझ्या तोंडाकडं बघतो. खरंय का, म्हणून. मग मी काय करायचं? 'सर थापा मारतायत' असं ओरडायचं?"

"तू काय केलेस?"

"ओरडले. 'अर्धी लांबी! अर्धी लांबी!' त्याच्या तोंडावर. तुमच्या थापेला मी सही ठोकली."

आपण एका माणसाचा नव्हे, दोघांचा शब्द खर्च केला हे त्याच्या हिशेबात आलेच नव्हते. तो म्हणाला, "मी त्यांना आज रात्रीच सांगतो."

"अजिबात नाही!" ती जवळजवळ किंचाळली. "उद्या एकच दिवस राहिलाय. उद्या तुम्ही खरी वाजवा, मी खरं ओरडते. संपलं की संध्याकाळी दोघं मिळून सांगू. हसतील आणि विसरतील."

"आणि तोपर्यंत त्यांच्या कौतुकाचा स्वीकार करायचा? ते सचोटीला धरून नाही, इमोजेन. एक असत्य बोलणे ही चूक; पण त्या असत्याचे आभार रोज ऐकून घेणे ही..."

"सर," ती मध्येच म्हणाली, "सचोटी एक दिवस उशिरा आली तर मरत नाही. पाया पडते, गप्प बसा."

त्याने मान डोलावली. पण त्या मान डोलावण्यात होकार किती आणि तिला लवकर घालवण्याची घाई किती, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

शनिवारी दुपारी बोटघरात पोरे पास्ता खात होती. बार्नबी काटा उंचावून पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत होता, "आई म्हणाली पाऊस नाही, तर मी छत्री घेऊन निघतो. पण सरांनी दोन वाजवल्या, तर मी डोळे मिटून..."

पेनिफोल्डने चहाचा कप खाली ठेवला. रात्रभर त्याने स्वतःशी युक्तिवाद केला होता, आणि दोन्ही बाजू त्याच्याच असल्यामुळे जिंकला कोण हे ठरले नव्हते. आता मात्र आणखी एक शब्द स्तुतीचा ऐकावा लागला तर आपल्याला इथे उभे राहवणार नाही, एवढे एकच त्याला कळले.

"कालच्या शिट्ट्या खोट्या होत्या," तो म्हणाला.

त्याने सगळे सांगितले, आपल्या सवयीप्रमाणे क्रमवार, कुठल्या झाडापाशी अंतर किती होते तेही. सांगताना छातीवरचे ओझे उतरत होते, आणि ते उतरल्याचे सुख इतके होते की इमोजेनच्या चेहऱ्याकडे बघायचे त्याला भान राहिले नाही.

पहिला हसला तो बार्नबी. "अरे देवा! पेनिफोल्ड सर आणि लबाडी! सर, तुम्ही तर अट्टल निघालात!" मग सगळेच हसले. कुणी टेबल बडवले. कुणी म्हणाले, "आजही वाजवा, सर, जितक्या हव्या तितक्या!"

ओवेन हसला नाही. वेल्समधल्या एका मेथडिस्ट उपदेशकाचा तो मुलगा. हसण्याला त्याचा विरोध नसे, पण त्याला वेळ लागे. त्याने इमोजेनला विचारले, "आणि तू? तू काय ओरडत होतीस काल?"

"अर्धी," ती ताटाकडे बघत म्हणाली.

"हं," ओवेन म्हणाला, आणि पास्ता खाऊ लागला.

त्या दिवशी पुढे सेंट ऑसिथची नाव होती. तोफ झाली. सेंट गुथलॅकची पोरे इतकी सुरेख वल्हवत होती की पेनिफोल्ड क्षणभर अंतर मोजायचेच विसरला. ग्रासीच्या वळणावर अंतर सव्वा लांबी झाले. डिटनपाशी, कुरणात बसलेल्या लोकांच्या गदारोळात, एक. त्याने एक शिट्टी वाजवली. सरळ पाण्यात अर्धी उरली. दोन वाजवल्या. मागची नाव केव्हाच रखडली होती, तिची भीती नव्हती. रेल्वेचा पूल गेला. पुढे गर्दी विरळ झाली, काठावर तुरळक माणसे. आणि तिथे, एका पिवळ्या पडक्या कुंपणासमोर, अंतर पाव लांबीवर आले. सेंट ऑसिथच्या वल्ह्यांनी पाण्यात केलेले भोवरे आता सेंट गुथलॅकच्या टोकाखालून जात होते.

दहा वल्ही. जीव तोडून मारलेली दहा वल्ही, आणि सोनेरी अक्षरे.

त्याने तीन शिट्ट्या वाजवल्या. पुन्हा तीन.

नाव उसळली नाही. पोरे वल्हवीत होती, प्रामाणिकपणे, त्याच तालात. मात्र ज्याने माणूस स्वतःपलीकडे जातो ते त्या आवाजाने त्यांना दिले नाही. थकलेले शरीर थांबायला निमित्त शोधते, आणि निमित्त त्याने स्वतःच त्यांच्या ताटात वाढले होते. ओवेनचे डोळे इमोजेनच्या तोंडावर खिळले होते. ती ओरडली, "पाव! पाव लांबी!" आणि मग, गळा फाटेस्तोवर, "खरं आहे! खरंच आहे!"

हा शब्द त्या नावेत आजवर कुणाला उच्चारावा लागला नव्हता. ओवेनने तो ऐकला आणि ताल वाढवला. मागची तीन माणसे त्याच्याबरोबर गेली, पुढची चार आधीच्याच तालात राहिली. वल्ही एकमेकांत अडखळली, नाव डावीकडे कलली. पुन्हा सावरेपर्यंत पाव लांबीची पाऊण झाली होती, आणि शर्यत जिथे संपते तो शेवटचा खांब येऊन गेला.

पेनिफोल्ड उतरला तेव्हा त्यांनी नाव काठाला लावली होती. कुणी वल्ह्यावर कपाळ टेकून बसले होते, कुणी पाण्यात हात सोडले होते. त्याने त्यांच्या चेहऱ्यांवर निराशा शोधली; तिथे होती ती दमणूक, आणि तिच्याखाली एक प्रकारचे समाधान, सरळ हरलेल्यांचे. बार्नबीने मान वर केली.

"छान दौडवलंत हो म्हाताऱ्या वयात, सर! श्वास आहे ना?" मग हसत, पण हसण्याच्या आडून हात पुढे करून काहीतरी मागावे तसे: "ती शेवटची. तीन वाजवल्यात ती. किती होती हो खरी? दीड ना?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

उत्तर पाव होते. ते सांगितले तर त्याची शिट्टी खरी ठरत होती, आणि त्या खरेपणाची किंमत या आठ जणांनी जन्मभर भरायची होती: पाव लांबी, दहा वल्ही, आणि आपण ती मारली नाहीत. काल दुपारी शिट्टीने, आणि आज दुपारी आपले मन हलके करण्यासाठी, त्याने त्यांच्याकडून जे घेतले होते ते काही परत देता येण्यासारखे नव्हते. निदान हे तरी त्यांना माहीत नसावे. सेंट ऑसिथच्या आठ वल्हेकऱ्यांनी ते अंतर समोरासमोर पाहिले आहे आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते कॉलेजभर होईल, ही इतकी उघड गोष्ट, पण आयुष्यभर मोजत आलेल्या या माणसाला त्या क्षणी ती सुचली नाही.

"दीड," तो म्हणाला. "दीड लांबी होती. मी पुन्हा तसेच केले. मला क्षमा करा."

बार्नबी खळखळून हसला. "वाटलंच मला! पोरांनो, ऐकलंत? वाटलंच होतं!" आणि नावेतून एक सुस्कारा गेला, सुटकेचा. पुढे बसणाऱ्या एकाने पाणी उडवले. पेनिफोल्डला वाटले, जमले. लाज जी काय आहे ती आता माझ्या एकट्याची.

ओवेन मात्र त्याच्याकडे पाहत नव्हता. तो, दोन दिवस पाहत होता तसाच, इमोजेनच्या तोंडाकडे पाहत होता. काही विचारीत नव्हता, नुसता पाहत होता.

तिने सुकाणूच्या दोऱ्या मांडीवर सोडल्या. आवाज बसला होता, तरी शब्द प्रत्येकापर्यंत पोचले.

"पाव होती, ओवेन. पावाहून कमीच. तिन्ही शिट्ट्या खऱ्या होत्या."

बार्नबीचे हसू त्याच्या तोंडावर तसेच राहून गेले, काढून ठेवायला जागा न सापडल्यासारखे. मग त्याने तोंड फिरवले आणि तो दोन्ही हातांनी बूट सोडू लागला, जे आधीच सुटलेले होते. पुढच्या चौघांपैकी एकाने हळूच विचारले, "पाव?"

ओवेन सावकाश वळला. त्याच्या नजरेत राग असता तर पेनिफोल्डने तो आनंदाने सोसला असता. तिथे केवळ एखाद्या गोष्टीची खात्री करून घेणाऱ्याचा सभ्य, थकलेला प्रश्न होता.

"म्हणजे आत्तासुद्धा, सर?"

पेनिफोल्डने तोंड उघडले. कारणे होती, ती क्रमाने लावून मांडायची सवयही होती.

"आत्तासुद्धा," तो म्हणाला.

ओवेनने मान हलवली, आणि इमोजेनला उतरायला हात दिला.