गुलाबी पाण्याचा हौद

मकबरा बघायला जायचं म्हणून काकासाहेबानं नवे बूट घेतले होते, आणि सगळा घोटाळा त्या बुटांमुळंच झाला असं तो पुढं स्वतःला सांगून बघायचा. पण ते काही खरं नव्हतं. घोटाळा आदल्या दिवसापासूनच त्याच्या मेंढवाड्यात लंगडत होता.

सोयगाव तालुक्यातल्या बावीस मेंढपाळांची ती सहल. सकाळी बिडकीनजवळच्या एका केंद्रात सुधारित मेंढीपालन बघायचं, दुपारी शहरात मकबरा आणि पाणचक्की, मग घर. जो दिवसभर हजर राहील त्याला पुढच्या आठवड्यात केंद्राकडून एक जातिवंत मेंढा मिळणार होता. काकासाहेब त्या मेंढ्याची दोन वर्षं वाट बघत होता, आणि नेमकं आदल्या दिवशी त्याचं एक कोकरू पाय उचलून चालायला लागलं. तोंडातून लाळेची तार सुटलेली.

"खुरकूत हाय," त्याची बायको सारजाबाई म्हणाली. "तुम्ही जाऊ नका. तिकडल्या मेंढरांना लागंल."

"काटा मोडला असंल."

तीस वर्षं मेंढरांत काढलेल्या माणसाला काटा कुठला आणि खुरकूत कुठली हे कळत नाही, असं कसं होईल? त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच. निघायच्या आधी त्यानं कोकराच्या तोंडातल्या फोडांना हळद-तेल लावलं, हात टॉवेलला पुसले आणि बस गाठली.

केंद्राच्या उमाताई फाटकातच उभ्या होत्या. शहरात वाढलेली बाई, बँकेतली नोकरी सोडून मेंढ्या पाळते म्हणून लोकांनी आधी बरीच चेष्टा केली होती. आता तेच लोक बस करून तिच्याकडं येत होते. फाटकात गुलाबी औषधाच्या पाण्याचा उथळ हौद होता.

"कुणाच्या कळपात आजार असेल तर आत येऊ नका," त्या म्हणाल्या. "बाहेर सावलीत बसा, चहा तिथंच पाठवते. त्यात लाजायचं काही नाही. बाकीच्यांनी चपला-बुटांसकट या पाण्यातून या, आणि हात धुवा."

पुंजाराम, काकासाहेबाचा लहानपणापासूनचा मैतर, हौदात जाऊन चांगला थपथप नाचला. कोपरापर्यंत हात धुतले.

"आंघोळच उरकून घे की, पुंजा," काकासाहेब म्हणाला. लोक हसले. त्या हसण्यात तो विटांच्या काठावरून, बूट न भिजवता, अलगद पलीकडं गेला. उमाताई तेव्हा यादी बघत होत्या.

आत गेल्यावर त्यानं हात खिशात घातले. कशाला शिवायचं नाही, म्हणजे झालं. तसं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं आणि तासभर पाळलंही. पण मग उमाताईंनी एक मेंढा पुढं आणला आणि याचं वय कोण सांगतं म्हणून विचारलं. कुणी तीन म्हणालं, कुणी पाच. एवढा चुकीचा हिशोब ऐकून काकासाहेबाचा हात आपोआप बाहेर आला. अंगठ्यानं त्यानं मेंढ्याचा ओठ वर केला.

"चार दाती. दोन वर्षं उलटली, तिसरं चालू."

उमाताईंनी वही बघितली. "अगदी बरोबर. काकासाहेब, आता तुम्हीच शिकवा यांना."

अंगावर मूठभर मांस चढलं त्याच्या. एकामागून एक नऊ मेंढ्यांची तोंडं त्यानं उघडून दाखवली. त्याच अंगठ्यानं. नवव्याचं तोंड सोडताना त्याला नखात हळद दिसली आणि त्यानं हात परत खिशात घातला.

दुपारी मकबरा आला. एवढा पांढराशुभ्र, एवढा उंच. काकासाहेबाला त्यातलं काही दिसलं नाही. सगळ्यांबरोबर बूट काढून तो वर न जाता नळावर हात धूत बसला होता.

"किती धुतो?" पुंजाराम म्हणाला. "सकाळी माझ्या डब्यातली भाकर मोडून खाल्ली तवा नाय धुतले."

तेवढ्यात सारजाबाईचा फोन आला. "कोकरू गेलं," ती म्हणाली. "आणि आणखी तीन लंगडाया लागल्यात. तुम्ही तिथं कशाला शिवला तर नाय ना?"

त्यानं फोन बंद केला. आपण काय केलं हे त्याला सकाळपासून ठाऊक होतं, पण बायकोनं विचारल्यावर त्याची त्यालाच घाण वाटली. केंद्राच्या माहितीपत्रकावर नंबर होता. तो बागेच्या कडेला गेला आणि दोनदा चुकीचा आकडा दाबून तिसऱ्यांदा उमाताईंना लागला.

त्यानं सगळं सांगितलं. हौदाच्या काठाचंसुद्धा.

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या कुठल्या मेंढ्याला हात लावला?"

मेंढरांचे चेहरे तो विसरत नसे. डाव्या कानाला खाच असलेला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, शिंग मोडलेला... नऊच्या नऊ सांगितले. आपलं हे जाणतेपण त्याला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं.

"आता महिनाभर तरी इथून एकही मेंढा बाहेर जाणार नाही," उमाताई म्हणाल्या. "कुणालाच. आणि काकासाहेब, तुमच्याबरोबरचे एकवीस जण आज बसमधून उतरून थेट आपापल्या मेंढरांत जातील. त्यांना सांगितलंत का?"

त्यानं मकबऱ्याच्या चौथऱ्याकडं बघितलं. वर चढताना सगळ्यांनी पायातलं काढून एकाच ढिगात टाकलं होतं. त्याचे कोरडे, चकचकीत बूट पुंजारामच्या चपलांवर पडलेले होते.

पाणचक्की राहिली. सगळे बसमध्ये चढल्यावर त्यानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि दाराशी उभा राहून बोलला. घरी गेल्यावर मेंढरांत जाऊ नका, आधी कपडे धुवा, चपला औषधात बुडवा. का ते सांगितलं. मेंढे महिनाभर कुणालाच मिळणार नाहीत, माझ्यामुळं, हेही सांगितलं.

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत एकेकानं पाय वर, सीटवर घेतले.

पुंजाराम तेवढा पाय खाली सोडून बसला होता. त्यानं मेंढ्यासाठी नवी जाळी ठोकून ठेवली होती. काकासाहेबानंच खांब धरले होते.

"सकाळी मला एकट्याला सांगायचं होतं," तो म्हणाला. "तू फाटकाबाहेर बसला असता, तर तुझ्या वाट्याच्या मेंढ्यासाठी मी भांडलो असतो. नायच दिला असता, तर माझा दोघांत ठेवला असता."

मग त्यानं खिडकीकडं तोंड केलं आणि शेजारी काकासाहेबाची जागा धरायला ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. जागा रिकामी झाली होती, पण काकासाहेब सोयगावपर्यंत दाराशीच उभा राहिला.