तो नारळ माझा नव्हता

मित्रांनो, स्वतःची ओळख करून द्यायची म्हटलं की मला मान खाली घालावी लागते. मी एक जुनी अँब्युलन्स आहे. नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एक लहान गाव आहे, तिथे ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून मी उभी असते. जाता-येता लोक मला हात जोडतात. बायका कुंकू लावतात. दर वेळी मला वाटतं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. का, ते सांगते. मध्येच उठून जाऊ नका.

माझी उमेदीची वर्षं अकोल्यात गेली. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्याने मला विकत घेतलं आणि माझी किल्ली बद्रुद्दीनच्या हातात दिली. बद्रुद्दीन म्हणजे फार अवलिया माणूस. तोंडात सुपारी, डोक्याला रुमाल, आणि मी गरम झाले की माझ्याशीच भांडायचा, “चल ना माय, इथंच बसतं का आता!” एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती असा रस्ता तुडवला. रिद्धपूरच्या यात्रेत चक्कर येऊन पडलेल्या म्हाताऱ्या नेल्या, अचलपूरची भाजलेली माणसं नेली. माझ्यात दोन बाळंही जन्मली. तेव्हा माझा केवढा रुबाब होता म्हणून सांगू!

त्या वर्षांत मला एक गोष्ट कळली. ज्याला खरोखरच जास्त झालेलं असतं तो ओरडत नाही. तो हळू बोलतो, आणि भलतंच बोलतो. एक काका सारखे विचारत होते, “विहिरीवरची मोटर बंद केली का कोणं?” एका आजीचा जीव चपलांत अडकला होता. मागून असं काही ऐकू आलं की बद्रुद्दीन सुपारी थुंकायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा.

पुढे मी थकले. दवाखान्याने नवी गाडी घेतली आणि माझी रवानगी भंगारात झाली. भंगारवाल्याने आधी माझं इंजिन काढून विकलं, मग सायरन. उरला तो नुसता पत्रा. मला वाटलं, संपलं सगळं.

आणि एके दिवशी टीव्हीवाले आले! ‘पहिला तास’ नावाची मालिका ते काढत होते. अँब्युलन्सवर काम करणाऱ्या माणसांची गोष्ट होती. नायक अँब्युलन्सवरचा, त्याचं बायकोशी पटत नाही. त्याचा जोडीदार पिऊन ड्युटीवर येतो. डॉक्टरीणबाईंचं लग्न मोडलेलं. एकालाही घरी सुख नाही. आणि या सगळ्यांना भांडायला जागा कोणती, तर मी! पेशंट बिचारा स्ट्रेचरवर तडफडतोय आणि हे दोघं त्याच्या छातीवरून एकमेकांचे जुने हिशोब काढतायत.

पण खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. त्यांनी मला भंगारातून विकत घेऊन या गावी आणलं, पांढरा रंग दिला, वर लाल दिवा बसवला. ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणून थर्माकोल रंगवून ठेवलं. गाडी पळताना दाखवायची असली की नांदगावहून ट्रॅक्टर आणून मला दोराने ओढायचे. आतलं दृश्य असलं की मी जागेवर उभी, आणि चार-पाच जण मागून मला गदागदा हलवायचे. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटे, काय सुसाट चालली आहे! हलवणाऱ्यांत बद्रुद्दीनही होता. स्ट्रेचर कसं उचलायचं हे नटांना शिकवायला त्यांनी त्याला अकोल्याहून शोधून आणलं होतं. मला बघून त्याचे डोळे भरले. मी मात्र कॅमेऱ्याकडे बघत होते.

शूटिंग रोज गावाबाहेर नाल्याजवळ चाले. आवाज नको म्हणून गावकऱ्यांना यायला मनाई होती. एक दिवस पेशंट म्हणून पार्वताबाईंना घेतलं. त्या गावातल्याच. शूटिंगवाल्यांना झुणका-भाकर करून द्यायच्या. दिग्दर्शक प्रीतमसरांना त्यांचा चेहरा आवडला. “मावशी, छातीवर हात ठेवायचा आणि जोरात ओरडायचं, बस!” त्यांनी समजावलं.

“मले लाज वाटते, बापा,” पार्वताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पण पहिल्या वेळेला त्यांनी असा गळा काढला की सगळे खूश झाले. गडबड केली ती नायक झालेल्या नितेशने. भांडणातलं वाक्यच तो विसरला. पुन्हा घ्यावं लागलं.

दुसऱ्या वेळेला पार्वताबाई ओरडल्याच नाहीत. स्ट्रेचरची गादी मला ओली लागली. मित्रांनो, तो घामाचा ओलावा मी शेकडो वेळा ओळखला होता. आणि त्या दिवशी मी काय म्हणाले माहीत आहे? मी मनात म्हणाले, बाई काम काय झकास करते! ही माझी पहिली लाज.

“कट! मावशी, पुटपुटू नका, ओरडा!” प्रीतमसर वैतागले.

तिसऱ्या वेळेला माझ्या पोटात नितेश आणि डॉक्टरीण हातवारे करून भांडत होते, मागून माणसं मला हलवत होती, आणि त्या गदारोळात पार्वताबाई हळूच म्हणाल्या, “आमच्या मानसाले सांगा वं कोणी... बकऱ्या उन्हातच बांधून राह्यल्या.”

“कट! हे वाक्य कुठून आलं?” प्रीतमसर ओरडले. सगळे हसले.

बद्रुद्दीन हसला नाही. त्याने मला हलवणं सोडलं आणि मागचं दार उघडून आत उडी मारली. बाईंची निळी पडलेली नखं बघितली. “अरे, हे नाटक नाही! बाई चालली!” सवयीने त्याचा हात सिलिंडरकडे गेला. ते त्याच्या एका बोटाने उचललं गेलं. थर्माकोलच ते. मग तो सवयीनेच पुढे धावला, माझ्या सीटवर बसला आणि किल्ली फिरवायला हात घातला. किल्लीच्या जागी नुसतं भोक होतं.

स्टिअरिंगवर डोकं आपटून तो म्हणाला, “या अल्ला, हिच्यात इंजिनच नाही!”

अँब्युलन्सवाल्याच्या कपड्यांत नितेश शेजारी उभा होता. गळ्यात स्टेथोस्कोप, हात लुळे पडलेले. त्याला नाडीसुद्धा बघता येत नव्हती. शेवटी लाईट वाहणारा टेम्पो आणला. दिवे मातीत फेकले, गोधडीची झोळी केली आणि पार्वताबाईंना माझ्यातून उतरवून त्या टेम्पोत चढवलं. असं कुठे ऐकलंय का हो? पेशंटला अँब्युलन्समधून काढून मालाच्या टेम्पोत घालायचं! बद्रुद्दीनने तो अमरावतीपर्यंत कसा पळवला, त्याचं त्यालाच ठाऊक. मी धुरळा बघत उभी राहिले. आयुष्यात एवढी निकामी मी भंगारातही नव्हते.

पार्वताबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अजून पाव तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

झालं ते इथेच संपतं तर ठीक होतं. पण टीव्हीवाल्यांनी माझा फोटो मोबाईलवर टाकला, ‘मालिकेतल्या अँब्युलन्सनेच वाचवले प्राण!’ पेपरातही आलं. प्रीतमसरांनी बद्रुद्दीनला बाजूला घेतलं. “चाचा, आता कशाला उगाच बोलता?” आणि बद्रुद्दीन गप्प बसला. शूटिंग आटोपल्यावर त्यांनी हार घालून मला गावाला भेट दिली. बॅटरी उतरली आहे, एवढंच सांगून ट्रॅक्टरने आणून सोडलं आणि निघून गेले. गाव हरखलं. “आता आपल्या गावाले बी अँब्युलन्स हाय!”

पंधरा दिवसांनी पार्वताबाई घरी आल्या, त्या आधी माझ्याकडेच. सोबत सून चंदा, पोटुशी. बाईंच्या हातात नारळ, हळद-कुंकू, झेंडूचा हार. टेम्पोचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. शुद्ध गेली तेव्हा त्या माझ्यातच होत्या, म्हणजे मीच नेलं, असंच त्या धरून होत्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. “तुह्या रूपानं देवच आला वं माय,” त्या मला म्हणाल्या.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नको बाई, नको! पण पत्र्याला कुठलं तोंड?

मग त्या चंदाकडे वळल्या. “अन् तू काहून घाबरून राह्यली? तुले दुखाले लागलं का याच गाडीत नेऊ. चुटकीत अमरावती!”

बाईंची तब्येत विचारायला बद्रुद्दीन त्याच दिवशी अकोल्याहून आला होता. इतका वेळ तो मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता. हे ऐकलं आणि त्याला राहवलं नाही. तो पुढे आला आणि त्याने माझं बॉनेट उघडलं.

आत काही नव्हतं. आरपार खालची माती दिसत होती.

“बाई, मी खोटारडा हाय,” तो म्हणाला. “हिनं तुमाले नाही नेलं. लाईटच्या टेम्पोत टाकून नेलं तुमाले. इतके दिवस मी तोंड शिवून बसलो. माफ करजा.”

पार्वताबाई कितीतरी वेळ आत वाकून बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नारळ न फोडता परत पिशवीत ठेवला.

“आत्याबाई,” चंदाने हळूच विचारलं, “मंग मले कशात न्याचं?”



मित्रांनो, ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. त्या तिघांखेरीज गावाला अजून पत्ता नाही, आणि ज्यांना पत्ता आहे ते आज सांगू, उद्या सांगू करतात. म्हणून मी तुमच्यापुढे पदर पसरते. यंत्राची निगा राखा म्हणजे नुसतं पुसून हार घालू नका. ते चालतं का, हे एकदा उघडून बघा. जमलं तर मला इंजिन बसवून द्या. जमत नसेल तर रंगाचा डबा आणा आणि माझ्या अंगावरची ‘रुग्णवाहिका’ ही अक्षरं पुसून टाका. काय करायचं ते लवकर करा. चंदाला नववा महिना लागला आहे.