समुद्र पाहायला गेलेला काळा चष्मा

मी एक काळा चष्मा बोलतोय. अकोल्यात, जठारपेठेतल्या एका दुकानात मी सहा महिने लटकत होतो. पोरं मला घालून आरशात बघत, दात काढत आणि परत अडकवून जात. एका दुपारी करिश्मा आली आणि तिनं मला आपल्या आईच्या नाकावर बसवलं.

"अंदमानले जायचं हाय, आई. तिथं लय ऊन असते."

"मी काय हिरोईन हाओ का व?" पार्बताबाई लाजली. पण मला काढलं नाही.

पार्बताबाई तिवसा गावाजवळ झेंडू पिकवायची. तिला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. अकोल्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स असलेल्या करिश्मानं सुट्टी टाकली, तिकिटं काढली आणि तिथं काय काय करायचं ते कागदावर लिहून ठेवलं. काचेच्या तळाची बोट, पांढरी वाळू, शहाळं, सूर्यास्त.

मी डोळ्यांच्या सगळ्यात जवळ, म्हणून मला आधी कळलं. विमानात पार्बताबाईचं तोंड खिडकीकडे होतं, पण बुबुळं कशावरच थांबत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बोटीत बसलो. करिश्मा काचेवर वाकली.

"आई, मासे दिसून राह्यले का?"

"हो ना व! लाल, हिरवे. केवढाले!"

नावाडी मागं वळला. "दीदी, अभी नीचे सिर्फ रेत है. मछली आगे मिलेगी."

पुढं खरंच मासे आले, सगळी बोट ओरडली. करिश्मा मात्र आईकडेच बघत राहिली.

किनाऱ्यावर उतरल्यावर तिनं विचारलं, "कवापासून?"

"पोळ्यापासून. उजेड-अंधार कळते फक्त."

"सांगतलं कावून नाही?"

"तू एवढ्या हौसेनं तिकिटं काढली. म्हटलं, तुले तरी पाहू द्या समुद्र."

"मी दवाखान्यात रोज लोकायचे डोळे पाहतो, आई. तुयेच नाही पाह्यले."

मग करिश्मानं कागदावरचं सगळं केलं, एकेक करून, औषध पाजावं तसं. आईला हात धरून पाण्यात नेलं. लाट मागं सरली, पायाखालची वाळू निघाली, तशी पार्बताबाई घाबरून तिला बिलगली. "कोन ओढून राह्यलं व मले?" संध्याकाळी दोघी वाळूत बसल्या.

"बुडाला का सूर्य?"

"बुडाला."

याला आता दोन वर्षं झाली. झेंडूचा मळा दुसऱ्याकडे गेला. पार्बताबाई लेकीकडे अकोल्यात राहते. माझी एक दांडी मोडली, ती दोऱ्यानं बांधलीय. काचांवर ओरखडे पडलेत. तरी ती मला दिवसभर घालून बसते, घरातसुद्धा. शेजारणींना वाटतं, उजेडाचा त्रास होत असेल.

तसं नाही. लेक घरात असली की ती माझ्याआड रडते. आणि करिश्मा समोर बसून, आवाज न करता रडते, आईला दिसत नाही म्हणून. एकीचं दुसरीला ठाऊक नाही. मला दोघींचं ठाऊक आहे, पण मला तोंड नाही.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर चहा नंतर घ्या. आधी मला तिच्या नाकावरून काढून ठेवा. आणि करिश्माला सांगा, आईच्या गालाला एकदा हात लाव.