दोन्हीही मुख्य

हारमाकारी बेटावरची माणसं कमी बोलतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. अर्थात तोही ते बोलून दाखवत नाहीत. बैठकीत अध्यक्ष विचारतात, "कुणाची हरकत?" मग सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघतात आणि ठराव मंजूर होतो. आमच्या फिनलंडमध्ये गप्प राहणं हीच सही असते.

बेटावरच्या इस्पितळाचा सर्व्हर बदलायचं ठरलं ते याच पद्धतीने.

इस्पितळं दोन. बेटावरचं छोटं, समोरच्या किनाऱ्यावरचं मोठं. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कोणतं रक्त चालत नाही, या नोंदी दोन्हीकडे लागतात म्हणून दोन्हीकडे एकेक सर्व्हर. बेटावरचा मुख्य. त्यावर लिहिलेलं क्षणात किनाऱ्यावरच्या प्रतीत उमटे. प्रतीवर थेट लिहायला मनाई. बेटाला हा मान मिळाला, कारण रक्ताच्या नोंदी पहिल्यांदा संगणकावर घेतल्या वेइक्को हॉलस्टीने, आणि वेइक्कोचं घर बेटावर होतं. मोठ्या इस्पितळाने वर्षानुवर्षं छोट्याचं अनुकरण करावं, हे किनाऱ्यावरच्यांना बोचत असणार. कधी कुणी तक्रार केली नाही, यावरूनच आम्हाला ते कळलं होतं.

आता वेइक्को निवृत्त होणार होता. तेव्हा उलटापालट ठरली: किनारा मुख्य, बेट प्रत. किनाऱ्यावरचं काम हेल्काकडे होतं. हुशार मुलगी, आणि बोलण्यात आमच्याहूनही काटकसरी. आधी वेइक्कोने आपल्या सर्व्हरवरचं लिहिणं बंद करायचं, शेवटच्या नोंदी पलीकडे पोचू द्यायच्या, मग हेल्काने आपला सर्व्हर मुख्य करायचा, आणि वेइक्कोने आपला त्याच्या मागे जोडायचा. सगळी भिस्त पहिल्या पायरीवर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे सर्व्हरलाही लागू आहे.

बुधवारी सकाळी हेल्काचा संदेश आला: "बेटाचं लिहिणं थांबलं असं धरून पुढे जाते. अडचण असेल तर सांगा."

वेइक्कोने तो वाचला. आज्ञा टंकून तयार होती, फक्त कळ दाबायची बाकी होती. तो उठला आणि कॉफी ओतून घेतली. जेवून आल्यावर दाबू म्हणाला. जेवून आल्यावर उद्या म्हणाला. इतकी वर्षं पुढे चाललेल्या यंत्राला एक दिवस जास्त मिळाला तर कुणाचं काय जातं?

हेल्काने रीतीप्रमाणे शांततेची सही मान्य केली, बेटाच्या सर्व्हरशी असलेला जुना दुवा तोडला आणि आपला सर्व्हर मुख्य केला. आता दोन्हीही मुख्य होते. दोन्हीही लिहून घेत होते आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं. दिवे मात्र दोन्हीकडे हिरवे.

शुक्रवारी सकाळी आउने सालमी धक्क्याच्या पायऱ्यांवरून बर्फात घसरली. बंदरावर सूप आणि कॉफी विकणारी आउने सगळ्या बेटाला ठाऊक. मांडीचं हाड मोडलं आणि आत रक्तस्राव सुरू झाला. धुक्यात हेलिकॉप्टर येईना, म्हणून गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्याने अँब्युलन्स किनाऱ्यावरच्या इस्पितळाकडे निघाली.

तिला गाडीत घालून नर्स सीनिक्का इतर कामांत अडकली; गाडी पलीकडे पोचायच्या सुमारास ती तशीच कोटासकट वेइक्कोच्या खोलीत आली.

"एवढं हाड मोडलंय, पण मला दटावते कशाबद्दल? तर सूप चुलीवर राहिलंय," ती म्हणाली. "बरं, तिचं कालचं पलीकडे गेलं ना रे?"

"कालचं कुठलं?"

"अरे, स्वीडनच्या इस्पितळाचं कार्ड घेऊन आली होती ना. तिकडे बाळंतपणात तिला रक्त दिलेलं. तेव्हापासून एका प्रकारच्या रक्ताशी तिचं वैर आहे. आता साध्या चाचणीत दिसत नाही ते, लपून बसतं. पण तसलं रक्त चढवलं तर जागं होतं आणि माणूस जातं. कार्डावरून मीच नोंद केली."

"कार्ड कुठंय?"

"तिच्या घरी, फ्रिजवर. का?"

वेइक्को पडद्याकडे वळला. आउनेची नोंद त्याच्या सर्व्हरवर होती, लाल खुणेसकट. पलीकडच्या सर्व्हरवर पाहिलं, तर तिथली आउने निर्धोक होती. तिला तिच्या गटाचं कुठलंही रक्त चालणार होतं.

"वेइक्को, तुझा रंग का उडाला?"

"माझा थांबलाच नाही," तो म्हणाला.

"काय थांबलं नाही?"

"सर्व्हर. मी थांबवला नाही."

सीनिक्का खुर्चीवर बसली. "मग गुपचूप जोड ना आता."

"दोघांत फरक पडलाय. जुळवायला संध्याकाळ होईल." त्याने पडद्यावरची यादी खाली सरकवली. "आणि ती एकटी नाही. बुधवारपासूनची इकडची प्रत्येक नोंद तिकडे नाहीये."

"मग फोन कर की, शहाण्या!"

आमच्याकडे कामासाठी फोन करणं म्हणजे दार न ठोठावता न्हाणीघरात शिरणं. वेइक्कोने फोन केला.

"हेल्का, आउने सालमीला रक्त देऊ नका. तुझ्याकडची नोंद खोटी आहे."

"खोटी? माझ्याकडे आता मुख्य आहे."

"माझ्याकडेही आहे. बुधवारी मी कळ दाबलीच नाही."

पलीकडे खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला. मग हेल्का कुणावर तरी ओरडली. हेल्का ओरडू शकते, हे वेइक्कोला नवीन होतं. पावलं, दार, आणि दुसऱ्या एका बाईचा आवाज: "लावतच होते! काढू?" पुन्हा हेल्का: "काढ, काढ!"

ती परत फोनवर आली तेव्हा धापा टाकत होती. "पिशवी परत घेतलीय. दुसरं रक्त मागवतोय, तोवर सलाइनवर ठेवणार. काही सांगता येत नाही." मग म्हणाली, "दोन दिवस, वेइक्को. दोन दिवस आम्ही लोकांना याच नोंदींच्या भरवशावर रक्त दिलं."

"हो."

"का?"

कारण सांगण्यासारखं असतं, तर त्याने ते बुधवारीच सांगितलं असतं. "वाटलं, आजचा दिवस राहू दे," तो म्हणाला.

"बंद कर. आत्ता. मी ऐकतेय."

त्याने कळ दाबली. पडद्यावर एक ओळ आली, की यापुढे या सर्व्हरवर लिहिता येणार नाही. कुठलाही आवाज झाला नाही. सीनिक्काने उगाच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उगाच काढून घेतला.

"झालं," तो म्हणाला.

"आता बुधवारपासूनच्या तुझ्या नोंदी वाच. एकेक. मी इकडे घालते, लॅब पडताळेल. आणि सावकाश वाच."

वेइक्कोने चष्मा पुसला. पहिली नोंद कोळ्याच्या मुलाची होती. त्याने नाव, जन्मतारीख, गट वाचला, हेल्काने परत म्हणून दाखवला. मग दुसरी. मध्येच कुणीतरी तिच्याशी बोललं.

"दुसरं रक्त आलं," ती फोनवर म्हणाली. "तिला ऑपरेशनला नेतायत."

"शुद्धीवर आहे?"

"सुपाचं काहीतरी विचारतेय."

सीनिक्का उठली, चूल विझवायला बंदराकडे गेली. वेइक्कोने तिसऱ्या नोंदीवर बोट ठेवलं आणि वाचू लागला.