मोनप्पानंतरची सुई

"सुई दंडात, सर्दी नाकात आणि दुखणं काळजाचं. हे जुळतं कसं, डॉक्टरम्मा?" शीनप्पाने विचारलं.

कुंदापुरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तुमचं हृदय थकलंय. रोजचंच काम कसंबसं ओढतंय. त्यात फ्लू नाहीतर न्यूमोनिया झाला, तर ते ओझं त्याला पेलायचं नाही. मागच्या पावसाळ्यात साध्या खोकल्याने कुठे पोचला होतात?"

"आयसीयूत," बायको, कुसुमा, म्हणाली.

शीनप्पा शेरीगार जन्मभर देवळांत, लग्नांत सॅक्सोफोन वाजवत आला. आता चार पायऱ्या चढल्या की धाप लागे, संध्याकाळी पाय सुजत. त्याच्या साथीला ढोल वाजवणारा मोनप्पाही ह्याच दुखण्याचा. गेल्या महिन्यात मोनप्पाने हीच फ्लूची लस घेतली आणि आठवड्याच्या आत झोपेतच गेला. गावाने ठरवून टाकलं : सुईने मारलं.

"मग आमच्या मोनप्पाचं काय?"

"त्यांचं हृदय फारच खालावलं होतं. ह्या लसीने तसं होत नाही."

"नसती घेतली तर जगला असता?"

"मला नाही वाटत. पण माणसाचा दिवस मी कसा सांगू? तुम्ही घ्या, एवढं मात्र नक्की सांगते."

डॉक्टरीणबाईंनी छातीठोक 'नाही' म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शीनप्पा बाहेर बाकावर येऊन बसला. कुसुमा आधी म्हणाली, "घेऊन टाका." मग म्हणाली, "नकोच, घरी जाऊ."

"अगं, एक काय ते सांग!"

"मला कळत असतं तर मी इथे बाकावर बसले असते का?"

शेजारचा माणूस खोकू लागला. छातीच्या तळापासून येणारा, ओला खोकला. शीनप्पाने नकळत श्वास रोखला, पण तो त्याला क्षणभरही धरून ठेवता येईना. तो उठला, आत गेला आणि शर्टाची बाही वर सारली.

घरी जाताना तो मोनप्पाच्या दारात थांबला. कुसुमा कुजबुजली, "चला सरळ. आज नको."

"दुसऱ्या कुणाकडून कळलं तर वाईट."

मोनप्पाची बायको लीलक्का पडवीत विकायचे मोगऱ्याचे गजरे ओवत होती.

"लीलक्का, मी सुई घेतली. तीच."

तिचे हात थांबले. "हे सांगायला आलात? म्हणजे ह्यांना सुईने नाही मारलं म्हणता?"

"डॉक्टरम्मा नाही म्हणते. मला काहीच उमगत नाही, अक्का. भीती ह्या बाजूलाही होती, त्या बाजूलाही. तुमच्यापासून लपवणं तेवढं जमेना."

तिने त्याच्या बाहीकडे बघितलं.

"दुखतोय दंड?"

"थोडासा."

"ह्यांचाही दुखला होता. मी म्हटलं, काय लहान पोरासारखं कण्हता."

ती उठली. पंचा भिजवून, पिळून घेऊन आली. शीनप्पाच्या दंडावर ठेवला आणि वरून आपला हात तसाच धरून बसली. कुसुमाने पुढे सरकून अर्धवट राहिलेला गजरा उचलला आणि ओवायला घेतला.