माझ्या पाठीवरच्या एक्केचाळीस रेघा

मी एक जुना वार्ताफलक आहे. निफाडजवळच्या एका गावात, चौकातल्या लिंबाखाली मी उभा आहे. आता माझ्यावर नळाला पाणी कधी येणार एवढंच लिहिलं जातं, पण एके काळी सगळं गाव माझ्याकडे बघून जगाची खबर घ्यायचं. मित्रांनो, मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दहा वर्षं रोज नव्या बातम्या अंगावर घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या गेलेल्या पाहिल्या, की कुणीही संशयी होतो.

१९९१ साली गेणू सुताराने मला घडवलं. शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून माझं अंग तयार झालं. जुन्या बॅटरीच्या सेलांमधली काळी पूड खळीत कालवून त्याने ती माझ्या तोंडावर फासली. पाठ मात्र तशीच उघडी ठेवली. "पाठ कोण बघतो?" असं तो म्हणाला होता. खरं आहे, माझी पाठ मलाही कधी दिसली नाही.

माझ्यावर लिहायचे ते सावळीराम तात्या. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून ते निवृत्त झाले होते. तिथे छापलेल्या नोटा तपासण्याचं त्यांचं काम होतं. शाईचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने वर्तमानपत्र आलं की तात्या ते आधी संपूर्ण वाचत, चहा घेत, पुन्हा वाचत आणि मगच खडू हातात धरत. बातमीच्या खाली ती कुठून घेतली ते आणि तारीख न चुकता लिहीत. "नोट असो का बातमी, आधी उजेडात धरून बघायची," असं ते म्हणायचे. लोक मला मानायचे. 'फळ्यावर आलंय' म्हटलं की वाद मिटायचा. मला त्याचा भारी गर्व होता.

मग गावात केबल आली. लहानूने आपल्या चहाच्या टपरीवर रंगीत टीव्ही बसवला, आणि माझ्याकडे पाठ करून लोक त्याच्यासमोर बसू लागले. त्या चौकोनी पाहुण्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. मत्सर म्हणा हवं तर. तो दिवसभर बोलायचा, पण ते त्याला कोणी सांगितलं, हे तो कधी सांगायचा नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई सुरू झाली. ओझरच्या बाजूने विमानं जायची, रुळांवरून ताडपत्रीने झाकलेल्या तोफांच्या गाड्या उत्तरेकडे जायच्या, आणि टपरीवर दिवसभर धडाडधूम चाले. तात्या सकाळी लिहायला आले की पोरं हसायची. "तात्या, तुमचं शिळं झालं! हे काल दुपारीच टीव्हीवर आलंय!" म्हातारा माणूस, त्याला ते लागलं. हळूहळू तेही टपरीवर बसून ऐकू लागले आणि ऐकलेलं तसंच माझ्यावर उतरवू लागले. लाल खडू आला. उद्गारचिन्हं आली. खालची तारीख गेली. मला ते खटकत होतं. पण समोर गर्दी परत आली होती आणि गर्दी मला आवडत होती, हे कबूल केलं पाहिजे.

त्याच दिवसांत माझ्या पाठीमागे काहीतरी सुरू झालं. रोज पहाटे कुणीतरी अनवाणी पावलांनी मागे यायचं. कर्र आवाज व्हायचा, लाकडाला एक ओरखडा बसायचा, आणि पावलं निघून जायची. एक दिवस चालेल, दोन दिवस चालेल. रोजच? मलाही वाटलं, हे काही सरळ नाही. मी मनातल्या मनात त्या पावलांना चोर ठरवून टाकलं.

एका रात्री टीव्हीवर कुणीतरी म्हणालं की सैन्याच्या हालचालींवर गावोगावी हेरांची नजर असण्याची शक्यता आहे. सकाळी तात्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गावोगावी शत्रूचे हेर! सावध राहा!' मित्रांनो, 'शक्यता' हा शब्द ओळीत मावला नाही. तो त्यांनी गाळला. माझ्या अंगावर गाळला, आणि मी हूं की चूं केलं नाही.

चार दिवसांनी लहानू टपरीच्या छपराची दोरी बांधायला माझ्या मागे गेला आणि ओरडला, "तात्या, हिकडं या! हे बघा काय हे!"

माझ्या पाठीवर एकाखाली एक रेघा होत्या. कुणी त्या मोजल्या. एक्केचाळीस.

"तोफांच्या गाड्या मोजतोय कोणीतरी," लहानू म्हणाला. "फळ्यावर काय लिहिलंय ते वाचलं ना? हेच ते!"

कुणीतरी सांगितलं की पहाटे बुधाला इथून जाताना पाहिलंय. बुधा आणि त्याची बायको भागीबाई सुरगाण्याकडच्या डोंगरातले. दर हिवाळ्यात ते द्राक्षबागेच्या कामाला आमच्या गावी यायचे आणि पाऊस लागला की भातासाठी घरी परतायचे. ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. आणि नेमकी तीच आता गावाला आठवली. "सगळे डोंगराकडचे मृगाच्या आधीच गेले. मग हाच का नाय गेला? भात सोडून हितं काय करतोय?" या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की लोक आपल्या पदरचं घालतात.

बागेतून बुधाला ओढत चौकात आणलं. त्याच्या कमरेला छाटणीची कात्री होती. तिचं टोक माझ्या रेघांत बरोबर बसलं. झालं, पुरावा मिळाला!

"बोल, काय मोजत व्हता?" लहानूने त्याची गचांडी धरली.

"दिस," बुधा म्हणाला. "दिस मोजतो मी."

"कसले दिस?"

"पोराचा कागूद आला त्या रोजापासचे. पोर फौजेत हाय माझा. धनराज. तिकडंच हाय, लढाईवर."

कुणीतरी मोठ्याने हसलं. लहानूने त्याच्या कानफटात मारली. बुधा माझ्या खांबावर आपटला आणि तो धक्का माझ्या सगळ्या फळ्यांतून गेला. कुणी म्हणालं पोलिसांत द्या, कुणी म्हणालं आधी हात-पाय मोडा. माझ्या तोंडावर लाल अक्षरांत 'सावध राहा!' तसंच होतं. जो मागे राहिलेला होता, तोही ते वाचून पुढे सरकत होता.

एवढ्यात भागीबाई धावत आली. तिने लुगड्याच्या ओच्यातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तात्यांच्या हातात कोंबली. "त्याला मारू नका. ह्यो कागूद बघा. पोस्टमननं आमाला वाचून दावला व्हता. तुमी कोनी इचारलंच नाय आमाला."

आत एक आंतरदेशीय पत्र होतं, घड्या पडून मऊ झालेलं. तात्यांनी ते उलटंसुलटं केलं. पत्र गावात पोचल्याचा पोस्टाचा शिक्का पुसट होता. मग, कितीतरी दिवसांनी, त्यांनी चष्मा वर केला आणि तो कागद उजेडात धरला. वीस मे. त्यांनी बोटांवर मोजलं. त्या दिवशी एकोणतीस जून होता. मे महिन्याचे बारा आणि जूनचे एकोणतीस. एक्केचाळीस.

पत्र त्यांनी मोठ्याने वाचलं. 'बाबा, आम्हाला वर नेत आहेत. पुढचं पत्र याच पत्त्यावर टाकतो. ते येईपर्यंत घरी जाऊ नको, नाहीतर चुकामूक होईल.' आणि पत्ता काय होता? 'बुधा, वार्ताफलकाजवळ, चौक.' मजुराला घराचा नंबर कुठला? त्या पोराने माझाच पत्ता घातला होता.

कुणी माफी मागितली नाही. एकेक जण कामाची आठवण होऊन निघून गेला. त्या रात्री टपरीवर दुसरीच धडाडधूम सुरू होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओरखडा उमटला नाही. बुधा आणि भागीबाई पहिल्या एसटीने डोंगराकडे निघून गेले होते. ज्या पत्रासाठी त्यांनी भात सोडला, ते पत्रही सोडून गेले.

तात्यांनी मला पाण्याने धुतलं, चांगलं दोनदा. पांढऱ्या खडूने लिहिलं, 'गावात हेर आहेत असे येथे लिहिले होते. ते मी तपासले नव्हते. बुधा निर्दोष आहे. चूक माझी. सावळीराम. ३० जून.' हे वाचायला दिवसभरात चार माणसं थांबली असतील. लाल अक्षरांपुढे गर्दीला जागा पुरली नव्हती.

नऊ दिवसांनी धनराजचं पत्र आलं. तात्या ते घेऊन स्वतः सुरगाण्याला गेले, दोन एसटी बदलून आणि पुढे चिखलातून चालत. परत आले तेव्हा चौकात लोकांनी त्यांना घेरलं. वर काय चाललंय? किती मारले? पत्रात काय लिहिलंय? तात्या सरळ माझ्यापाशी आले. खडू घेतला आणि लिहिलं, 'पोरगा सुखरूप आहे. पत्र ज्याचे होते त्याला मिळाले.' खाली तारीख घातली.

तात्यांनी बुधाला परत यायची विनवणी केली होती. भागीबाईने उत्तर दिलं होतं, "येऊ. पोट हाय. पन त्या फळ्यापुढून नाय जानार." हे तात्यांनीच मला फडक्याने पुसता पुसता सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं ऐकायला. बाई शब्दाची पक्की निघाली. दोघं दर हिवाळ्यात येत राहिले, पण मागच्या गल्लीने. मला ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

मित्रांनो, लढाईच्या बातम्या येतच राहतील. तुम्हाला राग येईल, भीती वाटेल. येऊ द्या. पण हात उचलण्याआधी विचारा, हे कुणी पाहिलं? कुणी सांगितलं? मधला एखादा शब्द गळला तर नाही ना? संशय घ्यायचाच असेल तर आधी माझ्यावर घ्या, माझ्या तोंडावर जे लिहिलंय त्यावर घ्या. माणसाची पाळी त्यानंतर. आणि चूक दुरुस्त केलेली दिसली तर तीही थांबून वाचा.

२००४ साली ग्रामपंचायतीने मला नवा रंग दिला. तात्या तेव्हा काठी टेकत आले होते. "तोंड रंगवा. पाठीला हात लावू नका," एवढंच बोलले. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका पहाटे माझ्या मागे पावलं वाजली, अनवाणी. एक खरखरीत बोट माझ्या पाठीवर वरून खाली फिरलं, एकेका रेघेवर थांबत. कोण होतं ते मला दिसलं नाही. पूर्वी मी लगेच संशय घेतला असता. या वेळी मी रेघा मोजत राहिलो. एक्केचाळीस झाल्या, तरी ते बोट तिथेच होतं.