धरणारा

तृप्तीने माउस फिरवला. पडद्यावरची निळी रिबीण गर्रकन वळली आणि आपल्या पोटातली खाच दाखवून पुन्हा गप्प बसली. सकाळपासून शंभरदा.

निंबोला गावच्या शेतात, केळीच्या कुजलेल्या खोडात तिला एक जिवाणू सापडला होता. त्याचं हे विकर, म्हणजे एन्झाइम, कात्रीच्या गुणाचं. केळीच्या धाग्यांना चिकटलेला साखरेचा डिंक ते सफाईने कापी. कापसाला मात्र शिवत नसे. दोन्ही साखरेच्याच साखळ्या. मग एक आपली, एक परकी का? विकराचा स्फटिक घडला, रचना हाती आली, तरी खाच मुकीच. इतकी उघडी की कापसानेही खुशाल आत यावं. चार वाजता तिच्या मार्गदर्शक तेजस्विनी मॅडमचा फोन येणार होता. कारण सापडलं नाही, तर हे प्रकरण प्रबंधातून वगळायचं ठरलं होतं. तिची तीन वर्षं त्यात होती.

मथुराआत्या कटाईवरून आली. केळीच्या चिकाने हात काळे पडलेले.

"जेवली नाहीस? कोण आहे हा, ज्याच्यापायी उपास चाललाय? नवरदेव?"

"विकर आहे, आत्या. केळीतली साखर कापतं."

"एकटाच?"

"हो."

"झूठ." आत्या वाकून पडद्याकडे बघत राहिली. "कापणारा दिसतो. धरणारा किधर है?"

तृप्तीला हसू आलं. "रेणू आहे गं. कटाईचा मजूर नाही."

"केळ तर केळच ना? तीस बरस झाले, कडूभाऊ कोयता मारतो, मी घडाला खांदा देते. खांदा नसला तर घड मातीत. अन् हा म्हणे एकटाच कापतो. बडा आया."

तृप्तीचं हसू ओठावरच थांबलं. स्फटिकात रेणू एकटा नसतोच; भिंतीतल्या विटांसारखे एकाला एक लागून असतात. संगणक एकच वीट दाखवतो, शेजारच्या मागून घ्याव्या लागतात. ती मात्र शेजाऱ्यांना नुसती गर्दी समजून झाकत आली होती.

तिने शेजारी मागितले. पिवळी रिबीण उमटली, त्याच विकराचा दुसरा रेणू. तिचा एक लांब हात निळ्या खाचेत आत शिरला होता, अगदी घरच्यासारखा. तृप्तीने केळीची साखळी खाचेत ठेवली. त्या साखळीला जागोजागी फांद्या. पिवळ्या हाताने नेमकी फांदी धरली. मग कापसाची ठेवली. सरळसोट, गुळगुळीत. धरायला काही नाही, म्हणून कापणंही नाही.

द्रावण पातळ केलं की विकर रुसायचं. ती आपल्याच हाताची चूक, असं तिने मानलं होतं. चूक नव्हती. जोडी सुटत होती.

फोन वाजला.

"मॅडम, ते एकटं नाही," तृप्ती म्हणाली. "जोडीनं कापतं." आणि तिने सगळं सांगितलं, मध्ये श्वास न घेता.

मग मॅडम म्हणाल्या, "हे प्रकरण सगळ्यात पुढे घे. आणि मला सांग, जोडीचं सुचलं कसं?"

तृप्तीने स्पीकर लावून फोन आत्यापुढे केला.

आत्याने आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. ते तिने पुढे केले नाहीत. पदर सारखा केला, घसा साफ केला.

"बोलते मी," ती म्हणाली. "तू धर."